गुरुजींवर टॅबची सक्ती करू का?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावातून जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिकेचं पत्र आलं आहे. शाळा पहिली ते सातवी, पट साठच्या आतबाहेर, त्यांना धरून शिक्षक चार. गेल्या गणपतीत मुंबई मंडळाने, म्हणजे गावातून मुंबईला गेलेल्यांच्या मंडळाने, वर्गणी काढून शाळेला मोठा स्मार्ट टीव्ही आणि दहा टॅब दिले. नारळ फोडून, फोटो काढून सगळं झालं. आता वर्ष होत आलं.

वरच्या वर्गांना शिकवणारे गुरुजी दोन वर्षांत निवृत्त होतील. ते टीव्हीला हात लावत नाहीत. "खडू-फळ्यावर शिकलेली माझी पोरं आज कुठे अडली आहेत का?" असं म्हणतात. पहिली-दुसरीच्या बाईंना वापरायचं आहे, पण भीती वाटते. घाटावरून बदलून आलेले तरुण सर तिसरी-चौथीला रोज दोन-तीन तास टीव्ही लावून ठेवतात, मुलं खूश असतात. आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख मोबाइलच्या ग्रुपवर फोटो मागतात. येत्या गणपतीत मंडळाचे लोक येतील आणि "काय उपयोग झाला?" म्हणून विचारतील. मुख्याध्यापिकाबाईंच्या मनात आहे, की प्रत्येक शिक्षकाने रोज एक तास टीव्ही किंवा टॅब वापरलाच पाहिजे आणि त्याची नोंदवही ठेवायची, असा नियम करावा. जाता जाता त्यांनी हेही लिहिलं आहे, की तिसरीतली पाच-सहा मुलं अजून जोडाक्षरांना अडखळतात आणि गुरुजींच्या वर्गातली मुलं मात्र हिशेबाला पक्की आहेत. त्या शेवटी लिहितात, "गुरुजींनी मला स्वतःला चौथीत शिकवलं आहे. त्यांना लेखी सूचना कशी काढू? आणि नाही काढली तर मुलांचं नुकसान. काय करू?"

ताई, नमस्कार.

नियम काढू नका. नोंदवहीही घालू नका. गुरुजींचं मन राखायचं म्हणून हे सांगत नाही. नियमाने तुम्हाला हवं ते मिळणार नाही, म्हणून सांगते. उद्यापासून रोज एक तास टीव्ही लागेल, वहीत सही होईल, केंद्रप्रमुखांना फोटो जाईल आणि तिसरीतली ती पाच-सहा मुलं 'प्रार्थना' या शब्दाशी आज अडतात तशीच जूनमध्येही अडतील. तास मोजायला लागलं की शिक्षक तासच भरून देतात. त्यात त्यांचा दोष नसतो.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात गुरुजी म्हणजे अडचण आणि तरुण सर म्हणजे उपाय, अशी मांडणी आपोआप झाली आहे. पण तुम्हीच दिलेल्या माहितीवरून चित्र उलटं दिसतं. जिथे टीव्ही सर्वांत जास्त चालतो तिथे वाचन मागे आहे आणि जिथे तो बंद आहे तिथे हिशेब पक्का आहे. याचा अर्थ टीव्ही वाईट, असा मी काढत नाही आणि तुम्हीही काढू नका. तिसरीतली मुलं मागे असण्याची कारणं दुसरीही असतील. दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या माणसाला मूल न मूल वाचून घ्यायला वेळ कुठून मिळणार? अर्थ एवढाच, की 'वापर होतो का' आणि 'मूल शिकतं का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि मंडळ आलं की तुम्हाला उत्तर दुसऱ्या प्रश्नाचं द्यायचं आहे.

हा गोंधळ काही तुमच्या गावापुरता नाही. पेरू देशाने शाळकरी मुलांना दहा लाखांच्या वर लॅपटॉप वाटले. युनेस्कोने 2023 च्या जागतिक शिक्षण अहवालात त्याची नोंद घेतली आहे: शिकवण्याच्या पद्धतीत काहीच न बदलता यंत्रं दिली गेली आणि मुलांच्या शिकण्यात सुधारणा झाली नाही. अख्ख्या देशाच्या पैशाने जे साधलं नाही ते नोंदवहीने साधणार नाही.

आता दुसरं गृहीत. तुमच्या पत्राचा सूर असा आहे, की शिक्षकांना तंत्रज्ञानाची आवड नाही. ताई, तुमच्या शाळेतला प्रत्येक शिक्षक दिवसभर मोबाइलवरच असतो. पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायस प्लस या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती, आधार जुळवणी, सकाळी आलेली लिंक 'दुपारी दोनपर्यंत भरावी', प्रशिक्षणाची हजेरी, ग्रुपवरचे फोटो. रेंज नाही म्हणून सड्यावर, गावाबाहेरच्या उंच पठारावर, जाऊन माहिती पाठवणारे शिक्षक कोकणात कुणाला नवीन नाहीत. या माणसांना मोबाइल म्हटलं की वरून आलेलं काम आठवतं. ज्या वस्तूने वर्गातला वेळ खाल्ला, तीच वस्तू आता वर्गात वापरा म्हटल्यावर गुरुजी मान फिरवतात, यात मला हट्ट दिसत नाही.

म्हणून पहिलं काम शिक्षकांचं नाही, तुमचं आहे. माहिती भरण्याचं काम वर्गाच्या वेळेतून बाहेर काढा. दिवसाची एक वेळ ठरवा, मधल्या सुट्टीतली किंवा शाळा सुटल्यावरची, आणि तेवढ्याच वेळात ग्रुप पाहायचा. शक्य तेवढी माहिती तुम्ही स्वतः भरा किंवा आठवड्याच्या पाळ्या लावा. तातडीचं काही असेल तर केंद्रप्रमुख फोन करतील. त्यांना हे आधी जाऊन सांगा. बहुतेक केंद्रप्रमुख स्वतः याच लिंकांनी कावलेले असतात, ते समजून घेतील. असा रोजचा अर्धा तास जरी सुटला, तरी पुढे जे सांगते आहे त्याला तो पुरेल.

मग प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, तोही एकेकट्याला, चहा घेताना: "तुमच्या वर्गात मुलं नेमकी कुठे अडतात?" टीव्हीचं नाव काढू नका. उत्तर आलं, की त्या अडलेल्या जागी हातातलं यंत्र काही उपयोगाचं आहे का, ते दोघांनी मिळून पाहायचं. नसेल तर नसेल. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या छोट्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि 2020 साली त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या नावाने इतर शिक्षकांना टोचलंही जातं. पण ती सुरुवात एका शिक्षकाला स्वतःच्या वर्गात वाटलेल्या गरजेतून झाली होती, हे सांगायचं राहून जातं.

तरुण सरांपासून सुरुवात करू. ते मेहनती आहेत, उत्साही आहेत, त्यांना नाउमेद करू नका. त्यांच्या वर्गात अडलेली जागा तुम्ही लिहिलीच आहे, जोडाक्षरं. यासाठी टीव्ही लागत नाही, टॅबमधलं आवाज रेकॉर्ड करायचं साधन पुरे आहे. महिन्याच्या सुरुवातीला त्या पाच-सहा मुलांपैकी प्रत्येकाला पाठ्यपुस्तकातला एक छोटा परिच्छेद वाचायला द्यायचा आणि वाचन रेकॉर्ड करायचं. एका मुलाला दोन मिनिटं. मग सरांनी ते शांतपणे ऐकायचं. वर्गाच्या गलक्यात 'मूल अडखळतं' एवढंच कळतं. रेकॉर्डिंग ऐकलं की कळतं, हे मूल फक्त रफाराला अडतं, 'पर्वत'चं 'परवत' करतं. ते दुसरं पहिलं अक्षर वाचून पुढचा शब्द अंदाजाने ठोकतं. तिसऱ्याला वाचता येतं, पण आवाज फुटत नाही. तिघांना तीन वेगळे उपाय लागतात. महिनाअखेर तोच परिच्छेद पुन्हा वाचून घ्यायचा आणि दोन्ही रेकॉर्डिंग मुलाला ऐकवायची. पहिलं 'परवत', दुसरं 'पर्वत'. आपलंच वाचन सुधारलेलं स्वतःच्या कानांनी ऐकलेल्या मुलाला वेगळी शाबासकी द्यावी लागत नाही.

आणि त्यांच्या व्हिडिओंबद्दल एवढंच सांगा, की तीन-चार मिनिटांनी थांबवा आणि विचारा, "आता पुढे काय होईल?" मुलं बोलली, भांडली, की पुढचा भाग लावा. सलग तासभर चाललेल्या व्हिडिओत मुलं शांत असतात. त्या शांततेला आपण लक्ष समजतो.

पहिली-दुसरीच्या बाईंची भीती वेगळी आहे आणि ती फार जणींची आहे. भीती यंत्राची नसते. चाळीस डोळ्यांसमोर रिमोट चालला नाही, आवाज आला नाही आणि मागून कुणीतरी "बाई, ते बटण नाही" म्हणालं, तर काय, याची असते. त्यांना प्रशिक्षणाला पाठवू नका, तिथे हीच भीती आणखी चाळीस शिक्षकांसमोर येते. शाळा सुटल्यावर दोघी रिकाम्या वर्गात बसा. टीव्ही लावणं, पेन ड्राइव्ह उघडणं, आवाज कमी-जास्त करणं, बास, एवढंच. एकच बडबडगीत, आठवडाभर तेच. हात बसला की दुसरं. रिमोट त्यांच्याच हातात राहू द्या. मदतीच्या नावाखाली तो कुणी ओढून घेतला, की शिकणं थांबतं. सातवीतली एखादी मुलगी मदतनीस म्हणून ठेवा, पण बाईंनी बोलावलं तरच तिने पुढे व्हायचं.

आता गुरुजी. त्यांच्याबद्दल मला जास्त लिहायचं आहे.

तुम्ही किनाऱ्यावर आहात. सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा धडा आहे आणि वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी होडी नाहीतर लाँचवरचं काम असणार. गुरुजी इतकी वर्षं या किनाऱ्यावर राहिले आहेत, म्हणजे तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब त्यांना तोंडपाठ असेल: जी तिथी, तिला पाऊणने गुणा, जेवढं येईल तितक्या वाजता ढोबळमानाने पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हे ज्ञान कुठल्याही ॲपमध्ये मुलांना गुरुजींसारखं समजावलेलं सापडणार नाही. गुरुजींना म्हणा, "हा हिशेब खरा किती, ते मुलांकडून तपासून घेऊ या का?"

यंत्राचं काम इथे सुरू होतं. एखाद्या पौर्णिमेला शाळेच्या वेळेत दर तासाला जेटीच्या पायऱ्यांचा फोटो काढायचा, त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून. जेटीवर कुणाचे ना कुणाचे बाबा किंवा काका जाळी विणत बसलेलेच असतात, मुलांना एकटं न पाठवता त्यांनाच हे काम सांगता येईल. आठ दिवसांनी अष्टमीला पुन्हा तेच, फक्त त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या भरतीचाही एक फोटो हवा. मग दोन्ही दिवसांचे दुपारी बाराचे फोटो टीव्हीवर शेजारी शेजारी लावा. पौर्णिमेला पायऱ्या पाण्याखाली आणि अष्टमीला त्याच वेळी पायऱ्या उघड्या. मुलं पायऱ्या मोजतील, तक्ता करतील, आलेख काढतील. उधाणाला, म्हणजे पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, पाणी किती पायऱ्या चढतं आणि भांगाला, म्हणजे अष्टमीच्या लहान भरतीला, किती, हा फरक त्यांना बोट ठेवून दाखवता येईल. मुंबईच्या भरतीची वेळ आणि आपल्या बंदरातल्या भरतीची वेळ यांत किती मिनिटांचं अंतर पडतं, तेही त्यांनाच काढू दे.

आणि गुरुजींच्या हातातला खरा प्रश्न यापुढे आहे. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे 50 मिनिटं उशिरा येते. पाऊणपटीचा हिशेब मात्र 45 मिनिटांचा आहे. हा फरक का? महिनाभरात तो किती वाढायला हवा, आणि तरी जुन्या लोकांचं काम कसं चालत आलं? तिथी आणि घड्याळाचा दिवस सारखाच मोठा असतो का? सातवीतल्या मुलांनी यावर आठवडाभर डोकं खाजवलं, तर अपूर्णांकही होतील, चंद्राची गतीही होईल. यात टीव्ही लागेल जेमतेम दहा मिनिटं. बाकी सगळं गुरुजींचं.

असा एक धडा झाला, की गुरुजी टीव्हीचे भक्त होतील असं मी सांगत नाही. कदाचित वर्षातून चार धडे ते असे घेतील. चार पुरेत.

थोडं व्यवहाराचं. तुमच्याकडे रेंज आणि वीज दोन्हींचा भरवसा नाही, तेव्हा इंटरनेट नाही असं समजूनच आखणी करा. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमागचं, दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचं साहित्य जिथे रेंज मिळते तिथे आधी उतरवून घेता येतं, नंतर ते नेट नसताना चालतं. बालभारतीची पुस्तकंही पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. आठवड्याला लागणारं साहित्य एका पेन ड्राइव्हवर, वर्गवार फोल्डर करून, हे काम तरुण सरांना आवडेल. पाऊस सुरू झाला की तारेवर झाड पडून दोन-दोन दिवस वीज जाते. त्या दिवसाचा धडा टीव्हीवर अवलंबून नको. मे महिन्याच्या शेवटी आणि परतीच्या पावसात गडगडाट होतो, तेव्हा टीव्हीचा प्लग काढलेला हवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. खाऱ्या हवेने पिना गंजतात, म्हणून टॅब उघड्या कपाटात ठेवू नका, झाकणाच्या डब्यात ठेवा. उन्हाळ्याच्या सुट्टीत टॅब पूर्ण उतरलेल्या बॅटरीने पडून राहिले, तर जूनमध्ये त्यातले काही चालूच होणार नाहीत. अर्धे चार्ज करून ठेवा आणि महिन्यातून एकदा कुणीतरी पाहा. वीजबिलाची तरतूद शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आत्ताच लिहून घ्या. शाळेला मिळणारं संयुक्त अनुदान पटावर ठरतं आणि पट तर कोकणात घसरतोच आहे.

दहा टॅब साठ मुलांना एकेक देता येणार नाहीत, ते बरंच आहे. पाच-सहा मुलांत एक टॅब दिला, की मुलं आपसात बोलतात. एकेकाच्या हातात दिला की बोलणं थांबतं. त्यावर फोटो काढणं, आवाज रेकॉर्ड करणं, मोजणं, आजीची गोष्ट ध्वनिमुद्रित करणं, अशी मुलांनी काही *करायची* कामं ठेवा. बाग राखायला आलेल्या नेपाळी कुटुंबाचं मूल वर्गात असेल, तर त्याच्या आईकडून त्यांच्या भाषेतले दहा शब्द बोलून घ्या आणि वर्गाला ऐकवा. मराठीत अडखळणारं ते मूल त्या दिवशी सगळ्यांना काहीतरी शिकवेल.

फोटोंबद्दल मात्र कडक राहा. मुलांचे चेहरे, नावं, वाचनातल्या चुका, हे काहीही ग्रुपवर जाता कामा नये. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, असं म्हटलं आहे. कायदा बाजूला ठेवला तरी अडखळत वाचणाऱ्या मुलाचा आवाज गावभर फिरावा, असं कुठल्या आईला वाटेल? केंद्रप्रमुखांना फोटो हवाच असेल तर जेटीच्या तक्त्याचा पाठवा, पाठीमागून काढलेल्या वर्गाचा पाठवा.

मंडळाची काळजी तुम्ही फार करता आहात, असं मला वाटतं. ही गावचीच माणसं आहेत, याच शाळेत शिकून मुंबईला गेलेली. त्यांना तासांची नोंदवही दाखवलीत तर ती मान डोलावतील आणि निघून जातील. त्याऐवजी गणपतीत एक दुपार शाळेत या म्हणा आणि सातवीच्या मुलांना भरतीचा तक्ता समजावून सांगू दे. वाचन सुधारलेल्या एखाद्या मुलाने, त्याची आणि घरच्यांची हरकत नसेल तर, उभं राहून एक पान वाचून दाखवू दे. सुट्टीत शाळा उघडावी लागेल, पण चाकरमानी गावात असतात ते तेवढेच दिवस. आणि पुढच्या वर्षी त्यांनी विचारलं, "आणखी काय देऊ?", तर आणखी एक टीव्ही मागू नका. इन्व्हर्टर मागा, वीजबिल मागा, चांगल्या गोष्टीच्या पुस्तकांचं कपाट मागा.

शाळेत हे जमलं, तर केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षण परिषदेत मांडायला तुम्ही एकट्या उभ्या राहू नका. गुरुजी आणि तरुण सर दोघांना मिळून मांडू दे. एकाने भरतीचा हिशेब सांगायचा, दुसऱ्याने फोटो कसे लावले ते दाखवायचं. कोकणातल्या दोन-शिक्षकी शाळांत कुठे कुठे अशीच जोडी असते, एक निवृत्तीकडे झुकलेले आणि एक नुकते बदलून आलेले. त्या शाळांना तुमच्या टीव्हीच्या मॉडेलपेक्षा हे बघून जास्त मिळेल.

राहिलं गुरुजींशी बोलणं. लेखी सूचना तर नाहीच, पण शिक्षक बैठकीत सगळ्यांसमोरही विषय काढू नका. त्यांच्या घरी जा. तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी आहात, मुख्याध्यापिका नंतर झालात, आणि ते नातं इथे आड येत नाही, उलट कामाचं आहे. "गुरुजी, तुम्ही निवृत्त झाल्यावर हा पाऊणपटीचा हिशेब मुलांना कोण सांगणार? मला तो तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवायचा आहे," असं म्हणा. टॅब तुम्ही धरा, त्यांनी फक्त शिकवायचं, नेहमीसारखं, फळ्यावर. ते हो म्हणाले तर सुरुवात झालीच. नाही म्हणाले तर चहा घ्या, निघा आणि त्या वर्षी तो विषय पुन्हा काढू नका. तिसरीतली पाच-सहा मुलं तोवर वाट पाहू शकत नाहीत, त्यांच्या वाचनाला सोमवारी हात घाला.